छोट्या संस्थेने अनुदान कुठे शोधायचं आणि अर्ज कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या गावी तुमची संस्था मुलांसाठी अभ्यासिका आणि फिरतं वाचनालय चालवते, नोंदणीला नुकतीच तीन वर्षं झाली, आजवर पदरमोड आणि ओळखीच्यांच्या देणग्या यांवर भागलं, आणि आता अनुदान देणाऱ्यांची यादी हवी आहे. मी बरीच वर्षं छोट्या संस्थांचे प्रस्ताव लिहून देते, हिशेबाच्या फायली लावून देते. माझं मत विचाराल तर यादी सगळ्यात शेवटी. याद्या इंटरनेटवर पैशाला पासरी मिळतात. घोडं पेंड खातं ते कागदांपाशी.

आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून तुमच्या परिशिष्ट १ची, म्हणजे संस्थेच्या नोंदणीच्या उताऱ्याची, ताजी नक्कल काढा आणि त्यावरची विश्वस्तांची नावं वाचा. कित्येक संस्थांच्या परिशिष्टावर राजीनामा दिलेले, इतकंच काय वारलेले विश्वस्तही अजून नांदत असतात, कारण चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचा अर्ज, कुणी भरलेलाच नसतो किंवा भरून नुसता पडलेला असतो. बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो दाखल करायचा असतो. देणगीदार ठराव बघतो, ठरावावरच्या सह्या बघतो आणि ती नावं परिशिष्टाशी ताडून पाहतो. नावं जुळली नाहीत की प्रस्ताव कितीही चांगला असो, तिथेच बसला.

मग प्राप्तिकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी. तुमच्याकडे तात्पुरती असेल तर ती तीन वर्षांचीच असते, आणि नियमित नोंदणीचा अर्ज मुदत संपायच्या किमान सहा महिने आधी जावा लागतो. तुमची तीन वर्षं झाली म्हणता, तर हे आजच सीएला विचारा, उद्यावर टाकू नका. नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवर नोंदणी फुकट होते. केंद्र सरकारच्या कुठल्याही अनुदानाला तो क्रमांक लागतो आणि हल्ली खासगी देणगीदारही मागतात. कंपन्यांच्या सीएसआर निधीसाठी, म्हणजे त्यांनी सामाजिक कामावर खर्चायच्या पैशासाठी, सीएसआर-१ हा फॉर्म भरून क्रमांक घ्यावा लागतो. १ एप्रिल २०२१पासून तो सक्तीचा आहे. त्यासाठी १२ए, ८०जी आणि तीन वर्षांच्या कामाचा पूर्वेतिहास लागतो, म्हणजे तुम्ही आत्ता कुठे त्या दारात पोचलात.

आता पैसा कुठे आहे ते. बहुतेक संस्था मोठ्या नावांच्या मागे धावतात, तिथे देशभरातून अर्ज येतात. तुम्ही आधी तुमच्या एमआयडीसीत फिरा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २% रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. सरासरी ५ कोटी असेल तर ते झाले १० लाख. आणि ही रक्कम ५० लाखांच्या आत असेल तर कंपनीला वेगळी सीएसआर समितीही नेमावी लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. म्हणजे अशा कंपनीत बहुधा पोर्टल नसतं, सीएसआरचं खातं नसतं. एचआर मॅनेजर असतो आणि वरती मालक. त्या मॅनेजरला शनिवारी अभ्यासिका दाखवायला बोलावणं हाच तिथला अर्ज. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असं कायदाच म्हणतो, त्यामुळे तुमचं तालुक्यात असणं इथे जमेची बाजू ठरते. कुठल्या कंपनीने तुमच्या जिल्ह्यात कशावर किती खर्च केला हे सरकारच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर उघड दिसतं. एक संध्याकाळ त्यावर घालवा.

वेळ पाळा. कंपन्यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीतच ओळख झालेली बरी. मार्चमध्ये उरलेले पैसे संपवायची घाई असते खरी, पण त्या घाईत पुस्तकं आणि संगणक मिळतात, शिक्षिकेचं मानधन मिळत नाही. खासदार-आमदार निधीचंही तेच: खोली बांधून मिळेल, खोलीत शिकवणारीचा पगार नाही.

ग्रामपंचायतीला विसरू नका. स्वउत्पन्नातले १०% महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून तुम्हाला चार-पाच हजारच मिळतील, पण ग्रामपंचायतीचा ठराव आणि मुख्याध्यापकांचं पत्र प्रस्तावाला जोडलेलं असलं की पुढचा माणूस वेगळ्या नजरेने वाचतो. गावातली पतसंस्था, सहकारी बँक, रोटरी यांच्याकडे मराठीत दोन पानी पत्र पुरतं. पुण्यात पितृपक्षात ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन भरतं, गणेशोत्सवात ‘लोकसत्ता’ ‘सर्व कार्येषु सर्वदा’ उपक्रमात दहा संस्थांची ओळख छापतो आणि वाचक थेट धनादेश पाठवतात. अशा पैशाला अटी जवळजवळ नसतात, म्हणून मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो.

परदेशातल्या नातेवाइकांबद्दल विचारलंत. पुतण्या अमेरिकेत आहे पण पासपोर्ट भारतीय आहे, तर तो आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवतो ती देणगी परकीय धरली जात नाही. तो तिकडचा नागरिक झाला असेल, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं) कार्ड असलं तरी, तर एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी घेण्याच्या, परवान्याशिवाय एक डॉलरही घेऊ नका. त्या परवान्याला साधारण तीन वर्षं काम आणि त्या काळात किमान १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. तुमच्यासाठी तो विषय सध्या बाजूला ठेवा.

प्रस्तावात अंदाजपत्रक आधी लिहा, बाकीचं नंतर. ‘शिक्षक खर्च २.५ लाख, इतर खर्च ५० हजार’ असं लिहिलेलं मी रोज पाहते. त्याऐवजी: शिक्षिका ४, दरमहा मानधन ६,००० रुपये, महिने १० (मे आणि जून बंद), एकूण २,४०,०००. पुस्तकं, गाडीचं पेट्रोल, भाडं, ऑडिट असं सगळं मिळून ३,६०,००० झाले आणि मुलं १२० असतील, तर एका मुलावर वर्षाला ३,००० रुपये. कंपनीचा माणूस हा शेवटचा आकडा घेऊनच साहेबांकडे जातो. ऑडिटचा खर्च आणि हिशेब लिहिणाऱ्याचं मानधन लाजून गाळू नका. ते पैसे मग तुमच्याच खिशातून जातात. ‘इतर’ हे कलम मात्र मुळीच ठेवू नका.

मजकुरात समाजपरिवर्तन, सक्षमीकरण असले शब्द आले की वाचणाऱ्याचे डोळे मिटतात. आठवीच्या किती मुलांना सलग परिच्छेद वाचता येत नव्हता आणि वर्षाने किती जणांना आला, एवढं सांगितलं तरी पुष्कळ. त्यासाठी सुरुवातीलाच मुलांची साधी वाचनचाचणी घेऊन तारखेसह लिहून ठेवा. पाहणीला आलेला माणूस भाषण ऐकत नाही; तो हजेरीपट उघडतो, मग व्हाउचरची फाईल. ५,००० रुपयांवरच्या पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प आहे ना, मानधन बँकेतून गेलंय ना, हे बघतो.

‘सीएसआर मिळवून देतो, ३०% आम्हाला परत करा’ किंवा ‘आधी प्रोसेसिंग फी भरा’ असे फोन तुम्हाला येतील, बहुतेक दर्पणवर नाव झळकल्याच्या महिन्यातच. ठेवून द्या. पैसे रोखीने परत दिले तर त्याची बिलं तुम्हालाच खोटी बनवावी लागतात आणि फौजदारी विश्वस्तांवर होते.

मंजुरी आली की करारात हप्ते कसे आहेत ते वाचा. बऱ्याचदा दुसरा हप्ता पहिल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) दिल्यावरच निघतो आणि मध्ये दोन-तीन महिने रिकामे जातात. तेवढ्या महिन्यांचं मानधन स्थानिक देणग्यांतून बाजूला ठेवलेलं असेल तरच सही करा, नाहीतर हप्त्यांच्या तारखा बदलून मागा. विचारलं तर कंपन्या बहुतेक वेळा बदलून देतात.