लॅपटॉप जास्त वेळ चालवायला पॉवर बँक घ्यावी की जादा बॅटरी?

लॅपटॉप उलटा करून बघा. खाली बॅटरी काढायचे खटके असतील तर डोळे झाकून जादा बॅटरी घ्या. नसतील तर निवडायला उरलंच काय, पॉवर बँक. तुमचं म्हणणं असं की चार्ज केलेला लॅपटॉप दोन तासही पुरत नाही, गावाकडे दुपारभर लाईट नसते आणि कंपनीचं काम घरूनच करायचंय. खरं तर तुम्हाला दोन ओळींत सांगून मोकळं होता आलं असतं. पण याच विषयावरून मला ऑफिसात इतकं ऐकवलं गेलंय की आज जरा सविस्तर लिहितो.

मी साखर कारखान्यांच्या ऑटोमेशनमध्ये आहे. ऊस गव्हाणीत पडल्यापासून मिलच्या तोंडाशी जाईपर्यंतचे ऊस वाहून नेणारे कॅरिअर, ऊस कुटून भुसा करणारा फायबरायझर, त्यांच्या मोटरचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह आणि हे सगळं चालवणारा पीएलसी, म्हणजे मशीनचा कंट्रोल कॉम्प्युटर, हा माझा इलाखा. हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि त्याआधीचे दिवस आम्ही अर्धवट वायरिंग झालेल्या पॅनेलसमोर स्टुलावर बसून काढतो. तिथे सॉकेट असेलच याची खात्री नाही, असला तर त्यात करंट असेल याची त्याहून नाही.

माझा लॅपटॉप थिंकपॅड टी४८०, २०१८ चं मॉडेल. नवीन पोरं बघून हसतात. याला बॅटऱ्या दोन. एक आत, २४ वॅट-अवरची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप), आणि एक मागून काढता येणारी. ही मागची २४, ४८ किंवा ७२ वॅट-अवरची मिळायची. वापरताना आधी मागची संपते, मग आतली. त्यामुळे मागची संपत आली की काढायची आणि दुसरी लावायची, तेवढा वेळ आतली सांभाळून घेते. लॅपटॉप बंद करायचा नाही, स्लीपलाही टाकायचा नाही. पुढच्याच वर्षी टी४९० आला आणि त्याने सगळी बॅटरी पोटात घेतली. मी ७२ ची लावून ठेवतो आणि ४८ ची पिशवीत. आमचे एक सिनियर तिला 'स्टेपनी' म्हणायचे. "अरे, आता कोण बॅटऱ्या बदलत बसतं? एक पॉवर बँक घे, मोबाईलही चार्ज होतो." हे वाक्य मी साइटवर, गाडीत, चहाच्या टपरीवर, सगळीकडे ऐकलंय.

आता त्या कारखान्याची गोष्ट. नाव सांगत नाही, सोलापूर जिल्ह्यातला. बॉयलरचं अग्निप्रदीपन होऊन गेलेलं, मोळी टाकायच्या कार्यक्रमाच्या पत्रिका वाटून झालेल्या, आणि ट्रायलला रेक कॅरिअर, म्हणजे कुटलेला ऊस चेनने मिलकडे ओढत नेणारा कॅरिअर, मधेच थांबायचा. तो थांबला की इंटरलॉकने त्याच्या आधीचं सगळंच थांबतं. कधी दहा मिनिटांत, कधी तासाभराने. मेकॅनिकलवाले म्हणायचे इलेक्ट्रिकल बघा, इलेक्ट्रिकलवाले म्हणायचे आमचा मोटरचा अँपिअर व्यवस्थित आहे, प्रोग्राम बघा. प्रोग्राम म्हणजे आम्ही. कारखान्यावर कुठलाही दोष फिरून फिरून शेवटी प्रोग्रामवाल्याच्याच गळ्यात पडतो, कारण तो बाहेरगावचा असतो.

अशा वेळी तोंडाने भांडून उपयोग नसतो, पुरावा लागतो. पीएलसीला केबल लावायची, त्याचा चालू प्रोग्राम लॅपटॉपवर उघडायचा, संशय असलेल्या सिग्नलचा ट्रेंड, म्हणजे सरकता आलेख, चालू ठेवायचा आणि ट्रिप होईपर्यंत वाट बघायची. लॅपटॉप मधेच झोपला तर ट्रेंड तुटतो आणि नेमका तेव्हाच कॅरिअर थांबतो. त्यात हा पीएलसी जुना, त्याचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवरच चालतं, म्हणजे लॅपटॉपच्या आत व्हर्च्युअल मशीन, सॉफ्टवेअरने बनवलेला दुसरा कॉम्प्युटर, चालवायचं. साधं वर्ड-एक्सेल असताना आठ-नऊ वॅट खाणारा माझा लॅपटॉप त्या अवस्थेत पंधराच्या आसपास खातो.

त्या पॅनेलमधला सॉकेट लाइटिंगच्या लाइनवर, आणि लाइटिंगचं काम चालू म्हणून ती लाइनच बंद. एक्स्टेन्शन ओढून आणायला वायरमन गेला तो गेलाच. पीएलसीच्या यूपीएसवरून टॅप घेऊ द्यायला चीफसाहेब तयार नव्हते, आणि त्यात त्यांचं बरोबरच होतं. कंट्रोलच्या यूपीएसवर बाहेरची पिन खुपसणाऱ्याला साइटवर उभंच करू नये.

सिनियर म्हणाले, मी बसतो. त्यांचा लॅपटॉप नवा, बोटभर जाडीचा, बॅटरी आत सीलबंद. रात्र झाली तसा त्यांचा चार्ज लाल रंगात आला. त्यांनी शांतपणे पिशवीतून पॉवर बँक काढली, टाइप-सीची वायर लावली. लॅपटॉपने दखलसुद्धा घेतली नाही. वायर उलटी करून लावली, पॉवर बँकेचं बटण दाबलं, चारही दिवे लागले, लॅपटॉप आपला ढिम्म. थोड्या वेळात स्क्रीन काळी झाली. कॅरिअर त्यानंतर थांबला, हे सांगायची गरज नाही.

मग मी माझा लावला. मधे एकदा मागची बॅटरी संपत आली तेव्हा ती बदलली, त्याचं वर्णन करतोच, कारण ते बघायला चीफसाहेब, फोरमन आणि दोन फिटर उभे होते. झाकण मिटलं तरी लॅपटॉप चालूच राहील असं सेटिंग आधीच केलेलं होतं. केबल तशीच ठेवून लॅपटॉप उलटा मांडीवर घेतला. एक खटका सरकवला की तिथेच थांबतो, दुसरा स्प्रिंगचा, तो अंगठ्याने ओढून धरायचा आणि बॅटरी बाहेर खेचायची. दुसरी बॅटरी कट्ट आवाज होईपर्यंत दाबायची. झाकण उघडलं तर ट्रेंडची रेघ जिथल्या तिथे पुढे सरकत होती. फोरमन म्हणाला, "साहेब, हे लय भारी." सिनियर मोबाईल बघत होते. त्यांचा मोबाईल मात्र पॉवर बँकेवर चार्ज होत होता, तेवढं त्यांचं खरं.

पहाटेच्या सुमाराला सापडलं. कॅरिअरच्या मागच्या टोकाच्या शाफ्टला, म्हणजे टेल शाफ्टला, झिरो स्पीडचा सेन्सर असतो. शाफ्टवरचं बोल्टचं डोकं त्याच्यासमोरून जातं तेव्हा पल्स मिळतो, पल्स थांबले की पीएलसीला वाटतं चेन तुटली. ट्रेंडमध्ये स्वच्छ दिसलं की पल्स गायब आणि मोटरचा करंट तसाच. चेन तुटली असती तर करंट पडला असता. खड्ड्यात उतरून टॉर्च मारला तर सेन्सरची ब्रॅकेट ढिली, सेन्सर आणि बोल्टच्या डोक्यात करंगळी जाईल एवढी फट. पाना फिरवायला पाच मिनिटं. प्रोग्रामला हात लावावा लागला नाही, हे मी चीफसाहेबांकडून रिपोर्टवर लिहून घेतलं.

परत येऊन जादा बॅटरीचं बिल टाकलं तर अकाउंट्सने परत पाठवलं. शेरा: लॅपटॉपसोबत बॅटरी आलेली आहे. सिनियरची पॉवर बँक मात्र मोबाईलच्या सामानात पास झाली होती. आणि सिनियर काय म्हणाले? "तुझं नशीब." म्हणून आता तांत्रिक भाग लिहितो, त्यांनीही वाचावा.

पॉवर बँकेवर २०,००० एमएएच (मिलीअँपिअर-अवर) लिहिलेलं असतं ते आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टला. गुणाकार केला की ७४ वॅट-अवर. लॅपटॉपला टाइप-सीवर हवे असतात बहुतेक २० व्होल्ट. तेवढे चढवण्यात दहा-पंधरा टक्के उष्णता होऊन जातात. वर ती वीज लॅपटॉपची बॅटरी भरायला वापरली आणि मग त्या बॅटरीतून काम केलं, तर पुन्हा घट. म्हणून पॉवर बँक वापरायचीच असेल तर लॅपटॉप लाल होईपर्यंत थांबू नका. बॅटरी भरलेली असतानाच जोडा, म्हणजे लॅपटॉप थेट तिच्यावर चालतो आणि ही दुसरी घट टळते. जादा बॅटरीला ही भानगडच नाही. ७२ म्हणजे जवळपास ७२.

पण त्या रात्री घात एमएएचने केला नव्हता, वॅटने केला होता. टाकीत पाणी भरपूर असून चालत नाही, नळ किती मोठा ते बघावं लागतं. ती पॉवर बँक १८ वॅटची होती, ५ आणि ९ व्होल्ट देणारी. मागे बारीक अक्षरात छापलेलं होतं, सर. लॅपटॉपसाठी पीडी म्हणजे पॉवर डिलिव्हरी हवी, २० व्होल्टची ओळ त्या बारीक अक्षरांत दिसायला हवी, आणि आकडा किमान ४५, शक्यतो ६५ वॅट. केबलही बघा. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरची, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटपर्यंत. त्याच्या वर ५ अँपिअरची, आत चिप असलेली केबल लागते. तुमच्या लॅपटॉपचा टाइप-सी पोर्ट चार्जिंग घेतो की नुसता डेटाचा आहे, हेही आधी तपासा. गोल पिनचा लॅपटॉप असेल तर पीडीवरून गोल पिनला जाणारी वायर मिळते, पण काही लॅपटॉप आपल्याच कंपनीचा अडॅप्टर ओळखतात आणि परक्याला बॅटरी चार्ज करू देत नाहीत. गेमिंगच्या लॅपटॉपसाठी पॉवर बँकेचा विचारच सोडा.

आणखी एक, हे फार कुणी सांगत नाही. पॉवर बँक वायरने लोंबकळते. मिल हाउसमध्ये जमीन थरथरत असते, बगॅसची, म्हणजे चिपाडाच्या भुशाची, धूळ पोर्टमध्ये जाते, आणि टाइप-सीचा पोर्ट मदरबोर्डवर असला आणि ढिला झाला की खर्च हजारांत. बॅटरी खाचेत बसते, तिला ओढणारं काही नसतं.

पॉवर बँकेच्या बाजूनेही लिहितो, नाहीतर म्हणाल एकतर्फी आहे. जादा बॅटरी चार्ज करायला बहुधा पुन्हा लॅपटॉपच लागतो. लॉजवर मी रात्री एक चार्जिंगला लावतो आणि पाणी प्यायला उठलो की दुसरी बसवतो. पॉवर बँक आपली स्वतंत्र चार्ज होते, लॅपटॉप बदलला तरी उपयोगी पडते. आणि जादा बॅटरी घ्यायला तसा लॅपटॉप बाजारात राहिलाय कुठे? ॲपलने २००९ साली १७ इंची मॅकबुक प्रोची बॅटरी आत बंद केली, मग हळूहळू सगळ्यांनीच. बारीक दिसावं म्हणून. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकायच्या उपकरणांची बॅटरी, काही अपवाद सोडून, वापरणाऱ्याला काढता-बदलता आली पाहिजे. स्क्रू काढून बदलणं आणि चालू लॅपटॉपवर बदलणं यात फरक आहे, पण निदान सुरुवात तरी होतेय.

वर 'डोळे झाकून घ्या' म्हटलं ते जरा आवरतो. जुन्या मॉडेलच्या बॅटऱ्या म्हणून बाजारात जे मिळतं त्यात डुप्लिकेट भरपूर. वजनाला हलकी लागली तर घेऊ नका, आणि फुगलेली दिसली तर त्याच दिवशी वापर बंद, टाचणी लावायचे उद्योग करू नका, ई-कचऱ्यात द्या. पिशवीतली बॅटरी पूर्ण भरून महिनोन्‌महिने ठेवू नका, निम्म्यावर ठेवा, आणि उन्हातल्या गाडीत तर नाहीच. हे पॉवर बँकेलाही लागू. विमानाने जाणार असाल, आमची काही माणसं आफ्रिकेतल्या कारखान्यांवर जातात, तर सुटी बॅटरी असो की पॉवर बँक, केबिन बॅगेतच. १०० वॅट-अवरपर्यंत बिनपरवानगी, म्हणून २७,००० एमएएचच्या पुढे जाऊ नका.

आता तुमचं. गावी घरी बसूनच काम असेल तर मला विचाराल तर दोन्ही नको, घराला इन्व्हर्टर बसवा, पंखाही चालेल. तेही नको असेल तर आधी बॅटरी तपासा. त्यासाठी काहीबाही ॲप टाकू नका, कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport टाइप करून विंडोजचा स्वतःचा बॅटरी रिपोर्ट काढा. त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता असे दोन आकडे येतात. आत्ताचा आकडा मूळच्या निम्म्यावर आला असेल तर तुमची बॅटरी संपलीय, तिथे सर्व्हिस सेंटरवर जाऊन आतली बॅटरी नवी बसवणं हा पहिला खर्च. मेलेल्या बॅटरीच्या लॅपटॉपला पॉवर बँक लावली आणि वायर जरा हलली की केलेलं काम गेलं.

आणि लाईट गेल्यावर राउटरही बंद पडतो, त्याचं काय करणार आहात? लॅपटॉप आठ तास चालला आणि वायफायच नसेल तर मीटिंग कशावर घेणार? राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, दोन-तीन तास सहज काढतो. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे. अडॅप्टरवरचा आकडा वाचूनच घ्या, ऑनलाइन फोटो बघून नाही.