चीनमधल्या शेन्झेनला रुजू होतोयस? आधी घडीची खाट घे

पहिल्याच दिवशी दुपारी जेवणं उरकली की ऑफिसातले दिवे मालवले जातील, टेबलांखालून घडीच्या खाटा निघतील आणि शेजारचा इंजिनिअर डोळ्यांवर पट्टी बांधून आडवा होईल. दचकू नकोस, आणि लॅपटॉप उघडून कामसूपणा तर अजिबात दाखवू नकोस. तूही झोप. या वामकुक्षीला तिथे कोणी आळस म्हणत नाही. रात्री उशिरापर्यंत बसणारी माणसं तिच्यावरच तग धरतात.

'९९६' ऐकलं असशील: सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदा असल्याचं स्पष्ट केलं. कायद्याने जादा काम महिन्याला ३६ तासांच्या वर जाता कामा नये. तरी साहेब उठल्याशिवाय उठायचं नाही, ही सवय अजून पुष्कळ ठिकाणी आहे. तोंडावर 'नाही' म्हणणारे थोडेच. साचलेलं बाहेर पडतं ते साहेब नसलेल्या छोट्या वीचॅट ग्रुपवर. त्यात तुला घेतलं, तर विश्वास बसला समज. तिथलं बोलणं बाहेर नेऊ नकोस.

बॅडमिंटनला बोलावलं तर जाच. डिंगटॉक या ऑफिसच्या मेसेजिंग ॲपवर मात्र जपून, मेसेज वाचल्याचं पाठवणाऱ्याला दिसतं.

आणि झोप उडाली, छातीत धडधडायला लागलं, तर अंगावर काढू नकोस. तिथली मंडळी याबद्दल फार उशिरा बोलतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. शेन्झेनमध्ये कांगनिंग हॉस्पिटल खास मानसिक आजारांसाठीच आहे. चिनी बोलणारा सहकारी सोबत घे आणि जा.