घरात सार्थ ज्ञानेश्वरी असताना नवी संशोधित आवृत्ती घ्यावी का?

निपाणीच्या दुकानात पाठभेदांसकट, म्हणजे जुन्या पोथ्यांतल्या शब्दांचे फरक देऊन छापलेली नवी ज्ञानेश्वरी पाहिलीत, घरी आजोबांची साखरे महाराजांची सार्थ, म्हणजे अर्थासकट प्रत आहे, मग नवीवर पैसे घालावेत का, असं तुम्ही विचारलंय.

पारायणासाठी असेल तर अजिबात नको. आमच्या खानापूर भागात सप्ताहाला पन्नासेक जण एका ओळीत वाचायला बसतात. त्यात एखाद्याकडे वेगळ्या पाठाची प्रत असली की ओवीचा आकडा जुळत नाही. व्यासपीठावरचे पुढे निघून जातात आणि हा गडी आपला पानं चाळत बसतो.

अभ्यासासाठी मात्र जरूर घ्या, पण आधी प्रस्तावना उघडा. ग्रंथ शके 1212 चा, म्हणजे सन 1290 चा. ज्ञानेश्वरांचे लेखनिक सच्चिदानंदबाबा, त्यांच्या हातची प्रत आज उपलब्ध नाही. पुढे तीनेकशे वर्षं नकलांच्या नकला होत राहिल्या, तेव्हा शके 1506 मध्ये एकनाथांनी पाठ शुद्ध केला. वर बजावलं की यात कुणी आपली ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवल्यासारखी. पण नाथांनी स्वतः कुठे काय दुरुस्त केलं, त्याची यादी काही ठेवली नाही! म्हणून तर इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांना नाथांच्या आधीच्या पोथीचा ध्यास. बीडजवळच्या पाटांगणची पोथी त्यांनी 1909 मध्ये छापली. ती खरंच तितकी जुनी का, यावर अभ्यासकांत वाद झाले.

तेव्हा नव्या संपादकाने आधाराला कोणती पोथी धरली, ती कोणत्या शकातली, कुठे सापडली, हे स्पष्ट लिहिलंय का बघा. मग कुठलंही पान काढा. तळटीपेत दुसऱ्या पोथ्यांचे पाठ, कुठला कोणत्या पोथीतला त्या खुणेसकट दिलेले हवेत, म्हणजे संपादकाची निवड पटली नाही तर तुम्हाला दुसरा पाठ तिथल्या तिथे दिसतो. ‘अनेक जुन्या पोथ्या पाहून शुद्ध केलेली’ एवढ्यावरच भागवलं असेल तर पुस्तक खाली ठेवा. कापडी बांधणीला भुलू नका.

घरातली मुलं कन्नड माध्यमात शिकून मराठी अडखळत वाचत असतील (आमच्याकडे तेच आहे), तर त्यांच्या हाती आजोबांची सार्थच द्या. विकत घेण्याआधी बेळगावात सार्वजनिक वाचनालयात किंवा हिंदवाडीच्या गुरुदेव रानडे मंदिरात या नव्या आवृत्तीची चौकशी करा. तिथे मिळाली तर सहावा अध्याय दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचा आणि मगच पैशाचं ठरवा.