फाइलचे नाव सापडते, आतला मजकूर सापडत नाही

प्रश्न : मी नागपूरला जिल्हा न्यायालयात वकिली करतो. विंडोज 11 असलेला नवा संगणक घेतल्यावर जुन्या डिस्कवरचे दावे, कैफियती, नोटिसा असे सगळे डी ड्राइव्हमध्ये उतरवून घेतले. आता फाइलचे नाव टाकले तर ती उशिरा का होईना सापडते, पण मजकुरातील पक्षकाराचे किंवा गावाचे नाव टाकले तर काहीच येत नाही. दुकानदाराच्या सांगण्यावरून इंडेक्स, म्हणजे झटपट शोधासाठी विंडोज आधीच करून ठेवते ती फायलींची सूची, रीबिल्ड केला, तरी फरक पडला नाही. काय करावे?

— एक वकील वाचक, सिव्हिल लाइन्स, नागपूर

उत्तर : रीबिल्डचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने जुना इंडेक्स पुसून त्याच जागांचा नवा तयार होतो, जी जागा आधीच यादीत नव्हती, ती नंतरही येत नाही. विंडोज मुळात डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठरावीक फोल्डरांचाच इंडेक्स ठेवते. डी ड्राइव्ह त्यात नसल्यामुळे तेथे एकेक फोल्डर उघडून, तेही बहुधा फक्त नावांपुरतेच, शोधले जाते. आपल्याला उशीर लागतो तो यामुळे.

स्टार्टमध्ये ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ शोधून उघडावे, ‘मॉडिफाय’वर जाऊन डी ड्राइव्हमधील कामाचे फोल्डर तेवढे निवडावे. सगळा संगणक इंडेक्समध्ये घालण्याचा मोह टाळावा. नोंदी 4 लाखांच्या पुढे गेल्या की शोध मंदावू शकतो, असे मायक्रोसॉफ्टच सांगते. त्यानंतर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मधील ‘फाइल टाइप्स’मध्ये वर्ड आणि पीडीएफच्या प्रकारांसमोर केवळ गुणधर्म नव्हे, तर मजकूरही इंडेक्स करण्याचा पर्याय निवडलेला आहे ना, हे पाहावे.

एवढे करूनही आपल्या बऱ्याच फायली सापडणार नाहीत, अशी माझी अटकळ आहे. न्यायालयाच्या आवारातील टायपिंगचे जुने काम बहुतांशी कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये झालेले असते. अशा फाइलमध्ये पडद्यावर ‘नागपूर’ दिसत असले, तरी आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरे. कृतिदेवमध्ये ती यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे अशी असतात. इंडेक्स अक्षरांचे सांकेतिक क्रमांक वाचतो, फाँट पाहत नाही, त्यामुळे युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या हल्लीच्या पद्धतीत, टाकलेला ‘नागपूर’ त्याला तेथे दिसतच नाही. खात्री करायची असेल तर शोधचौकटीत हीच सहा अक्षरे छोट्या लिपीत, मध्ये जागा न सोडता टाइप करून पाहावीत. जुने दावे भराभर समोर आले, तर निदान पक्के झाले असे समजावे. तातडीच्या वेळी हीच युक्ती पक्षकाराच्या नावासाठीही चालते, मात्र जुना कळफलक बोटांत बसलेल्या आपल्या टंकलेखकाला शेजारी बसवावे लागेल. कायमचा उपाय म्हणजे फायली युनिकोडमध्ये रूपांतरित करणे. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे बिघडतात, तेव्हा मूळ प्रत जपून ठेवावी आणि नावे, गट क्रमांक, तारखा डोळ्यांखालून घालाव्यात.

सातबारा किंवा निकालाच्या नकला स्कॅन करून ठेवलेल्या असतील, तर त्या पीडीएफ म्हणजे नुसती चित्रे असतात. ओसीआर करून, म्हणजे चित्रातील अक्षरे संगणकाकडून ओळखून घेऊन, त्यांत मजकुराचा थर घातल्याशिवाय इंडेक्सला त्यातून काही मिळत नाही, आणि अस्पष्ट शिक्क्यांखालचा मजकूर ओसीआरलाही नीट लागत नाही. अशा फायलींच्या नावातच पक्षकार, गाव आणि वर्ष लिहावे.

रीबिल्डची खरी वेळ येते ती इंडेक्समधील नोंदींचा आकडा तासन्‌तास हलत नसेल किंवा वीज अचानक गेल्यावर शोध बिघडला असेल तेव्हा. त्याआधी ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘विंडोज सर्च’ ही सेवा चालू आहे का ते पाहावे आणि एकदा पुन्हा सुरू करावी. आपण काम करत असताना इंडेक्सिंग मुद्दाम संथ चालते, म्हणून रीबिल्ड संध्याकाळी लावून, संगणकाचा झोपेचा (‘स्लीप’) पर्याय बंद करून, संगणक रात्रभर चालू ठेवावा.