रुग्णाची प्रकृती खरोखर अचानक बिघडते का?

आपला प्रश्न असा आहे: न्यूमोनियासाठी भरती असलेले वडील संध्याकाळपर्यंत बोलत होते, मध्यरात्रीनंतर ‘प्रकृती अचानक बिघडली’ असे सांगून त्यांना आयसीयूत हलवले, तिथे सेप्सिस हा शब्द आपण पहिल्यांदा ऐकला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. हे खरोखर अचानक घडले का आणि घरच्यांना आधी काही कळू शकले असते का? मी बरीच वर्षे मेडिसिन वॉर्डात परिचारिका होते, आता परिचर्येच्या विद्यार्थिनींना शिकवते. या प्रश्नाशी माझा जुना संबंध आहे, म्हणून उत्तर लांबणार आहे.

काही रुग्ण अचानक कोसळतात, हे खरे आहे. फुप्फुसात रक्ताची गुठळी जाऊन बसते, हृदयाची लय एकाएकी बिघडते, पोटात मोठा रक्तस्राव होतो. सेप्सिस सहसा असा येत नाही. संसर्गाला तोंड देताना शरीराचा प्रतिसादच ताळ सोडतो आणि स्वतःच्या अवयवांना इजा करू लागतो, अशी त्याची २०१६ पासूनची व्याख्या आहे, आणि या इजेला बहुधा काही तास लागतात. त्या तासांत शरीर स्वतःला सावरत असते. श्वास वाढतो, नाडी वाढते, हातापायांचा रक्तपुरवठा आखडून तो मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवला जातो. रक्तदाब पुष्कळदा सर्वांत शेवटी पडतो, आणि आपल्याकडे धावपळ नेमकी तेव्हाच सुरू होते. अमेरिकेत मायामी येथील एका रुग्णालयात, भरती असताना हृदय बंद पडलेल्या ६४ रुग्णांचे कागद तपासले गेले होते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ८४ टक्के रुग्णांच्या बाबतीत आधीच्या आठ तासांत प्रकृती खालावल्याची नोंद सापडली. खुणा कागदावर होत्या, म्हणजे कोणाला तरी त्या दिसल्याही होत्या.

या सगळ्या खुणांत सर्वांत लवकर बदलणारी आणि सर्वांत दुर्लक्षित खूण म्हणजे श्वासांची गती. कोणत्याही वॉर्डातला टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांच्या नोंदींचा तक्ता, पाहावा. नाडी, ताप आणि बीपी यांचे आकडे दर वेळी निरनिराळे दिसतील, कारण ते यंत्र सांगते. श्वासाच्या रकान्यात मात्र १८, २०, १८, २० असे दिवसचे दिवस लिहिलेले असते. श्वास मोजायचा तर पूर्ण एक मिनिट रुग्णापाशी उभे राहावे लागते, आणि संपूर्ण वॉर्ड अंगावर असलेल्या सिस्टरला ते मिनिट काढणे जड जाते. तरीही मागच्या पाळीचा आकडा खाली उतरवणे मला कधीही मान्य झाले नाही. न मोजता लिहिलेला आकडा रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट, कारण रिकामा रकाना पाहून निदान कोणी तरी विचारेल.

एक प्रसंग सविस्तर सांगते. साठीच्या पुढच्या एक बाई आमच्या वॉर्डात होत्या. मधुमेह, रक्तदाब आणि लघवीचा संसर्ग अशी भरतीची कारणे होती. सोनोग्राफी दुसऱ्या दिवशीसाठी लिहिलेली होती. रात्रपाळीचा ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती, घेताना मला ‘स्टेबल आहेत, विशेष काही नाही’ असे सांगण्यात आले. मी खाटेपाशी गेले तेव्हा जेवणाचा डबा तसाच होता आणि त्यांची सून हळूच म्हणाली, “सिस्टर, आई मघापासून मला नणंदेच्या नावाने हाक मारताहेत. असं कधी होत नाही हो.” बाईंना हाक मारली की त्या डोळे उघडत आणि बोलतही, पण त्यांचे बोलणे विचारलेल्या प्रश्नाला धरून नव्हते. मी नाडी पाहत असल्यासारखे मनगट धरून उभी राहिले आणि घड्याळावर पूर्ण मिनिट त्यांच्या पोटाची हालचाल मोजली. श्वास २६ होता. चार्टवर त्याच संध्याकाळचा आकडा १८ होता. नाडी १०८, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण) ९५ टक्के, तापमान ९६.४ फॅरेनहाइट आणि वरचा बीपी १०४. शुगर तपासली, ती कमी नव्हती. युरोबॅगच्या, म्हणजे लघवीच्या पिशवीच्या, तळाशी गडद रंगाची थोडीशी लघवी होती, पावले गार होती, आणि बोटाचे टोक दाबून सोडल्यावर रंग परतायला स्पष्ट उशीर लागत होता.

रेसिडेंट डॉक्टरांना बोलावले. सकाळपासून कामावर असलेला, कष्टाळू मुलगा होता तो, आणि त्याच्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. तो म्हणाला, “ताप नाही, सॅच्युरेशन छान आहे, बीपी तर माझ्यासारखा आहे. या वयात जागा बदलली की बरळतात, सिस्टर. सकाळी राउंडला सरांना दाखवू.” मी त्यांचे जुने ओपीडी पेपर काढून दाखवले, त्यांत वरचा बीपी कधीच १५० च्या खाली नव्हता. नेहमीपेक्षा चाळीसहून अधिक अंकांनी उतरलेला बीपी त्या माणसासाठी कमीच असतो, मग आकडा दिसायला कितीही साजरा असो. ताप नसण्याचेही तसेच. वयस्कर, मधुमेही किंवा स्टेरॉइडवर असलेल्या रुग्णाला सेप्सिसमध्ये ताप न येणे, उलट अंग गार पडणे, हे नेहमी पाहण्यात येते. ‘ताप नाही, म्हणजे इन्फेक्शन नाही’ यापेक्षा घातक वाक्य मी वॉर्डात ऐकलेले नाही.

पुन्हा सांगूनही काही हलेना, तेव्हा मी फिजिशियन सरांना थेट घरी फोन केला. आकडे सांगितले, सुनेचे म्हणणे सांगितले, ‘मला सेप्सिसची शंका आहे, आपण आत्ता यावे’ असे म्हटले. ते आले. रक्ताचे कल्चर (जंतू शोधण्याची तपासणी) आणि लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडते आहे का, हे सुचवणारी तपासणी) पाठवले, शिरेतून अँटिबायोटिक आणि सलाइन सुरू झाले, सोनोग्राफी रात्रीच झाली. मूत्रनलिकेत खडा अडकून वरचे मूत्रपिंड फुगले होते आणि त्यात संसर्ग कोंडला होता. अशा वेळी औषध कितीही भारी असले तरी कोंडलेले बाहेर काढल्यावाचून रुग्ण सुधारत नाही. पहाटे युरॉलॉजिस्टनी स्टेंट, म्हणजे लघवीला वाट करून देणारी बारीक नळी, टाकला. बाई काही दिवस आयसीयूत राहिल्या आणि पुढे सुनेचा हात धरून चालत घरी गेल्या.

त्यानंतर मला मेमो मिळाला. ‘वरिष्ठतेची शिस्त मोडून परस्पर संपर्क साधल्याबद्दल खुलासा करावा.’ बैठकीत प्रशासनाच्या वतीने विचारण्यात आले की सिस्टर उठसूट फोन करू लागल्या तर डॉक्टरांनी झोपायचे केव्हा. त्या रुग्णालयाचे नाव मी घेणार नाही, पण या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा पुरते देऊ दिले गेले नाही, ते इथे देते.

डॉक्टरांच्या झोपेचे रक्षण करायचे असेल तर कोणत्या आकड्याला कोणाला उठवायचे, हे रुग्णालयाने दिवसाउजेडी लिहून ठेवावे. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली ‘न्यूज’ नावाचा गुणतक्ता आणला आणि २०१७ मध्ये तो सुधारून ‘न्यूज-२’ केला. श्वास, सॅच्युरेशन, ऑक्सिजन लावला आहे का, वरचा बीपी, नाडी, शुद्ध (म्हणजे भान) आणि तापमान या सात गोष्टींना गुण द्यायचे आणि बेरीज करायची. बेरीज ५ झाली की डॉक्टरांनी तातडीने पाहायचे. ७ किंवा अधिक झाली की ती आणीबाणी. नुसत्या एकाच गोष्टीला ३ गुण पडले तरी डॉक्टरांना कळवायचे. त्या बाईंचे आकडे मी पुढे या तक्त्यात घालून पाहिले. संध्याकाळचा १८ श्वास आणि ‘शुद्धीवर’ ही नोंद खरी मानून उरलेले माझे आकडे घेतले तर बेरीज ४ होते, म्हणजे झोपू द्या. मोजलेला २६ आणि नव्याने आलेला गोंधळ धरला तर तीच बेरीज १० होते. सहा गुणांचा हा फरक ज्या दोन रकान्यांत आहे, त्यांपैकी कोणत्याही रकान्याला यंत्र लागत नाही. एकाला एक मिनिट लागते आणि दुसऱ्याला सुनेचे ऐकून घ्यावे लागते.

आणि सिस्टरच्या काळजीबद्दल म्हणाल, तर सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयात १९९० साली जे आपत्कालीन वैद्यकीय पथक सुरू झाले, त्या पद्धतीत आकडे बरोबर असले तरी ‘या रुग्णाची मला गंभीर काळजी वाटते’ एवढ्या कारणावर नर्सने पथक बोलावणे मान्य आहे. इंग्लंडने २०२४ पासून त्याच्याही पुढे जाऊन ‘मार्थाज रूल’ आणला. सेप्सिसने गेलेल्या मार्था मिल्स या तेरा वर्षांच्या मुलीच्या आईवडिलांनी लढून तो मिळवला. त्यानुसार रुग्ण किंवा घरचे स्वतः दुसऱ्या पथकाकडून तातडीची तपासणी मागू शकतात. जगात नातेवाइकांना फोनचा अधिकार दिला जात असताना आपण पात्र परिचारिकेकडून खुलासा मागतो, याचे मला आजही वाईट वाटते.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. घरच्यांना कळू शकते, आणि पुष्कळदा सर्वांत आधी त्यांनाच कळते, कारण माणूस नेहमी कसा असतो हे त्यांनाच ठाऊक असते. नावे चुकणे, विलक्षण सुस्ती, एक वाक्य एका दमात पुरे न होणे, हातपाय गार पडणे, सकाळपासून लघवी न होणे. साठ किलोच्या माणसाला तासाला साधारण तीस मिलिलीटर तरी लघवी व्हायला हवी. श्वास त्यांना न सांगता मोजा, कारण सांगितले की माणूस श्वास बदलतो. पंचवीस किंवा त्यापेक्षा जास्त भरला तर सिस्टरला गाठा आणि ‘जरा बघा ना’ असे न म्हणता नेमके बोला: “बाबांचा श्वास मी पूर्ण मिनिट मोजला, २८ आहे. दुपारपासून ते मला ओळखत नाहीत. हा सेप्सिस असू शकतो का?” शेवटचे वाक्य अवश्य म्हणा. थेट विचारलेल्या शंकेला डॉक्टरांना हो किंवा नाही असे उत्तर द्यावे लागते आणि ते देण्यासाठी रुग्णाला पुन्हा तपासावे लागते. आवाज मात्र चढवू नका. आरडाओरड झाली की सगळ्यांचे लक्ष रुग्णावरून नातेवाइकांकडे वळते. घरी असताना असे दिसले तर १०८ ला फोन करा, सकाळची वाट पाहू नका.

काही गोष्टी राहिल्या, त्याही सांगितल्या पाहिजेत. न्यूज-२ हा तक्ता सोळा वर्षांखालील मुलांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी नाही, आणि फुप्फुसाच्या काही जुनाट विकारांत सॅच्युरेशनचे गुण वेगळ्या मोजपट्टीने द्यावे लागतात. बेरीज जास्त म्हणजे सेप्सिसच, असेही नाही. हृदयविकार, रक्तस्राव, फुप्फुसातली गुठळी यांतही ती वाढते. प्रत्येक तापाला तासाभरात अँटिबायोटिक, हा माझ्या म्हणण्याचा अर्थ घेऊ नये. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्ण शॉकमध्ये (रक्तदाब कोसळून अवयवांना रक्त अपुरे पडण्याच्या अवस्थेत) असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर एका तासाच्या आत औषध द्यायचे. शॉक नसेल आणि शंका असेल तर झटपट तपासून, शंका टिकली तर तीन तासांच्या आत. सलाइनचेही तसेच. झांबियात केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, सेप्सिसमुळे बीपी उतरलेल्या प्रौढांना ठरावीक पद्धतीने भरपूर सलाइन दिल्यावर ४८ टक्के रुग्ण दगावले, तर नेहमीच्या उपचारात ३३ टक्के. त्या रुग्णांत एचआयव्हीबाधित पुष्कळ होते आणि व्हेंटिलेटरची सोय तुटपुंजी होती. म्हणून सलाइन लावून निघून जाणे हा उपचार नव्हे. लावल्यावर श्वास पुन्हा मोजावा लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि स्क्रब टायफस हे संसर्ग सेप्सिसच्याच रूपाने येतात. स्क्रब टायफसवर वॉर्डातले नेहमीचे अँटिबायोटिक सेफ्ट्रिअॅक्झोन चालत नाही, डॉक्सिसायक्लिन लागते, आणि त्याचा काळा खपलीसारखा डाग काखेत किंवा जांघेत लपलेला असतो, त्यामुळे कपडे बाजूला करून पाहिल्याशिवाय तो सापडत नाही.

आपल्या वडिलांच्या बाबतीत हलगर्जी झाली, असे मी कागद न पाहता म्हणणार नाही. न्यूमोनियातला सेप्सिस वेळेवर उपचार होऊनही माणसाला नेतो. पण आपल्याला खरे जाणून घ्यायचे असेल तर इंडोर केस पेपरची, म्हणजे भरती असतानाच्या सगळ्या नोंदींची, संपूर्ण प्रत लेखी अर्ज करून मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार ती ७२ तासांत देणे बंधनकारक आहे, आणि अर्जाची पोच अवश्य घ्या. नर्सिंग चार्ट, औषधांचा तक्ता आणि लघवीच्या नोंदी त्यात आहेत का ते पाहा, कारण पुष्कळदा फक्त डिस्चार्ज किंवा डेथ समरी हातात ठेवतात. श्वास, शुद्ध आणि लघवी या नोंदी शेवटच्या दिवशी दुपारपासून क्रमाने वाचा, कल्चर कधी पाठवले आणि पहिले किंवा बदललेले अँटिबायोटिक किती वाजता दिले ते पाहा, आणि शक्य झाल्यास त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या एखाद्या फिजिशियनसमोर ते कागद ठेवा.