सार्वमत घेऊन आयर्लंड पुन्हा एक होऊ शकतं का?

हो, ब्रिटनच्या ताब्यातला उत्तर आयर्लंड दक्षिणेतल्या स्वतंत्र आयर्लंड प्रजासत्ताकाला जोडायला कायद्याने वाट मोकळी आहे, पण हे सार्वमत इतक्यात होईल असं मला वाटत नाही. उत्तर आयर्लंडमधला संघर्ष मिटवणाऱ्या १९९८च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर आलेल्या उत्तर आयर्लंड कायद्याचं पहिलं परिशिष्ट बघा: तिथलं बहुमत एकीकरणाकडे झुकेल असं ब्रिटिश सरकारच्या उत्तर आयर्लंड मंत्र्याला दिसलं, तर त्याने सार्वमत घेतलंच पाहिजे. पण ते कशावरून ठरवायचं, याचा एकही निकष कायद्यात नाही. घोडं अडतं ते इथे. जिंकायला साधं बहुमत पुरतं, ५० टक्क्यांवर एक मत. हरलात, तर पुढची ७ वर्षं दुसरं सार्वमत नाही. म्हणून घाई एकीकरणवाद्यांनाच महागात पडेल. शिवाय आयर्लंड प्रजासत्ताकाच्या घटनेच्या कलम ३ नुसार दक्षिणेतल्या जनतेचाही होकार लागतो.

एक खबरदारी घ्या. २०२१च्या जनगणनेत उत्तरेत कॅथलिक पार्श्वभूमीचे लोक ४५.७ टक्के, तर प्रोटेस्टंट आणि इतर ख्रिस्ती ४३.५ टक्के निघाले. कॅथलिक सहसा एकीकरणाच्या, तर प्रोटेस्टंट ब्रिटनच्या बाजूचे मानले जातात, पण त्यावरून मतांचा हिशेब मांडू नका: ब्रिटनमध्येच राहू म्हणणारे कॅथलिकही जनमत चाचण्यांत वारंवार दिसतात.