घर बघायला फेब्रुवारीत नेतात

‘घर सुंदर, परिसर सुरक्षित, नवरा समजूतदार, मुलाची शाळा चांगली. तरी मन लागत नाही. मी कृतघ्न आहे का हो?’ परदेशी गेलेल्या बायका हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. त्यातल्याच एकीची ही हकिगत, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.

बाई नागपूरच्या, फार्मसी कॉलेजात शिकवायच्या. नवरा चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. मुक्काम स्कॉट्सडेल, म्हणजे अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सचं श्रीमंत उपनगर, सोनोरन वाळवंटात वसलेलं. भाड्याच्या घराची मुदत संपत आली होती आणि त्याच वस्तीत गोल्फ कोर्सला लागून असलेलं एक घर नवऱ्याच्या मनात भरलं होतं. अ‍ॅरिझोनात घड्याळ उन्हाळ्या-हिवाळ्याला पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे आमच्या व्हिडिओवरच्या समुपदेशनाची वेळ कधी बदलली नाही. माझे रात्रीचे आठ, त्यांचे सकाळचे साडेसात. जुलैत तेवढ्या सकाळीही त्यांच्या मागचे पडदे ओढलेले असायचे.

‘उन्हाचं मला सांगू नका, मी नागपूरची आहे,’ हे त्यांचं पहिल्या भेटीतलं वाक्य. खरंच होतं. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला, म्हणजे ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेला. नागपूरकराला त्या आकड्याचं काय कौतुक! पण नागपूरचं ऊन सगळा मोहल्ला मिळून सोसतो. कूलरमध्ये पाणी भरायचं, संध्याकाळी अंगणात सडा टाकायचा, रात्री गच्चीवर गाद्या. इथे जो तो आपापल्या एसीत. शेजारी म्हणजे वर जाणारं आणि खाली येणारं गॅरेजचं दार. दुपारी गार पाण्याचा नळ सोडला तरी गरम पाणी येतं, गाडीतल्या पट्ट्याचं बक्कल हाताला चटका देतं. रात्री नवरा जांभळ्या प्रकाशाची बॅटरी घेऊन भिंतीकडेला फिरतो, कारण त्या उजेडात विंचू हिरवट चमकतात.

आणि वाळवण! कुरडया सकाळी घालाव्यात आणि दुपारी कडकडीत वाळून उचलाव्यात असं ऊन. बाईंनी हौसेने मागच्या अंगणात चादर पसरून घातल्या. चार दिवसांनी वस्तीच्या असोसिएशनचं पत्र आलं: गोल्फ कोर्सवरून दिसेल असं काही वाळत घालू नये. हे सांगताना त्या हसल्या आणि हसता हसता रडल्या. त्या दिवशी पुढे फार काही बोलणं झालं नाही.

नवरा-बायकोने मिळून फायद्या-तोट्यांचा तक्ता केलाच होता, दोन रकाने आखून. अशा तक्त्यांवर माझा फारसा विश्वास नाही. एकच गोष्ट दोन्हीकडे लिहिली जाते आणि माणसं बेरीज करत बसतात. यांच्यात ‘शांतता’ दोन्हीकडे होती. मी सांगितलं, प्रत्येक ओळीपुढे दोन गोष्टी लिहा. हे कोणासाठी? आणि कोणत्या महिन्यात?

मग गंमत झाली. मॅकडॉवेल डोंगरातल्या पायवाटा, सग्वारोचे दोन-तीन पुरुष उंचीचे निवडुंग, ओसरीवरचा नाश्ता, हे सगळं नोव्हेंबर ते एप्रिल. घर बघायला एजंटने फेब्रुवारीत नेलं होतं, हे तेव्हा लक्षात आलं. चांगली शाळा मुलासाठी, ऑफिस जवळ हे नवऱ्यासाठी. बाईंचं नाव बहुतेक उजव्या, म्हणजे तोट्यांच्या रकान्यातच. कामाचा परवाना नाही, कारण नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज एका टप्प्याला पोचेपर्यंत तो मिळत नाही. मराठी-भारतीय घरं जास्त चँडलर या फिनिक्सच्या दुसऱ्या उपनगराकडे, आणि बाई महामार्गावर गाडी चालवायला घाबरत. ‘गोल्फ कोर्सचा देखावा’ या ओळीपुढे कोणाचंच नाव लिहिता येईना. घराच्या किमतीत त्याचे पैसे मात्र धरलेले. नवऱ्यानेच शेवटी विचारलं, ‘आपल्यात गोल्फ खेळतं कोण?’

मध्ये स्वस्तात मोठं घर म्हणून शहराच्या हद्दीबाहेर बघावं असाही विचार निघाला. तिथे मी जरा बोलले, सल्ला म्हणून नव्हे, टँकरच्या राज्यातली बाई म्हणून. कोलोरॅडो नदीचं पाणी आटत चाललं तेव्हा स्कॉट्सडेलने १ जानेवारी २०२३ पासून हद्दीबाहेरच्या रिओ व्हर्दे फुटहिल्स या वस्तीसाठी टँकरना दिलं जाणारं पाणी बंद केलं होतं. घर केवढं आहे, याच्याआधी पाणी कोणाचं आहे हे विचारा, एवढंच म्हटलं.

कृतघ्नपणाचं काय? मला तो कुठे दिसला नाही. पण झोप उडालेली होती, जेवण कमी, चिडचिड जास्त, आणि हे मागच्या उन्हाळ्यातही झालेलं. ऋतूनुसार येणारं नैराश्य बहुतेकांना थंडीतलं ठाऊक असतं. काहींना ते उन्हाळ्यात येतं, आणि त्यात नेमकी झोप आणि भूक जाते. म्हणून मी त्यांना तिथल्या डॉक्टरांकडे पाठवलं. दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं असेल तर घराचा निर्णय नंतर, डॉक्टर आधी. जगणं नकोसं वाटू लागलं, तर दोन आठवडेही थांबायचं नाही.

औषध सुरू झालं. गाडीचा क्लास लावला. शाळेच्या सुट्टीत नागपूरला जायचं म्हणाल्या आणि मग स्वतःच म्हणाल्या, ‘जूनमध्ये? आगीतून फुफाट्यात!’ त्याऐवजी फ्लॅगस्टाफला खोली घेतली. दोन-अडीच तासांवर, पाइनच्या जंगलात, सात हजार फुटांवर. शनिवारी चँडलरला मुलांचा मराठी वर्ग त्या घेऊ लागल्या, पगार नाही, पण फळ्यासमोर उभं राहणं परत आलं.

घर त्यांनी अजून घेतलेलं नाही. भाडेकरार एक वर्ष वाढवलाय. नवऱ्याला ते थोडं खुपतं, व्याजदर वाढले तर काय, असं तो दर वेळी विचारतो, आणि त्याची काळजी खोटी नाही. आता बघायचं ठरलंय ते ऑगस्टमध्ये, दुपारी तीन वाजता. एजंट अजून हो म्हणालेला नाही.